संगणकांचे टपाल आणि त्याची पोच

धार जिल्ह्यातील सरदारपूर तहसिलीत राजगढ नावाचे गाव आहे. मोहनखेडा हे जैन तीर्थ त्याच्या जवळच आहे. शिवछत्रपतींचा राजगड किल्ला तो वेगळा आणि मध्य प्रदेशातील राजगढ जिल्हाही वेगळा. धार आणि देवास येथे पवारांची राज्ये होती. त्यामुळे माळव्याच्या या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत आणि पुण्या-मुंबईशी त्यांचे नातेसंबंध आजही टिकून आहेत. अशाच एका घरातील प्रसंग वाचकांनी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा.

पुण्यात नोकरी करणारा भाचा राजगढच्या आत्याबाईंना औषधपाण्यासाठी पाच हजार रुपये मोबाईलवरून पाठवितो. त्याच्या खात्यातून पाच हजार रुपये वजा झाल्याचा संदेश त्याला लगेच मिळतो. तो फोन करून विचारतो, "आत्या, पैसे पोचले का?" आत्याबाई उत्तर देतात, "नाही रे बाबा. माझा फोन काही वाजला नाही. तू पुन्हा एकदा पाठवून पाहतोस का?"

पुन्हा पाठवावे की न पाठवावे? प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचे उत्तर द्यावयाचे तर एका संस्थेचा संगणक दुसऱ्या संस्थेच्या संगणकास निरोप कसा देतो, तो निरोप वाटेत कोठे थांबतो आणि तो पोचल्याची खात्री कशी करून घेतली जाते, हे समजून घ्यावे लागते. बँका, कारखाने, वीज मंडळे, रेल्वे आणि शासकीय कार्यालये यांचा फार मोठा कारभार आज अशा निरोपांवर चालतो. म्हणून या यंत्रणेची सर्वसाधारण माहिती ग्रामस्थ, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी या सर्वांना असणे अगत्याचे आहे.

एका गावात दोन राज्ये

संगणकांना एकमेकांस निरोप पाठविण्याची गरजच का पडावी, हे देवासच्या उदाहरणावरून चांगले समजते. बाजीराव पेशव्यांच्या काळात तुकोजी आणि जिवाजी पवार या बंधूंकडे देवास आले. पुढे त्याची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. दोघांची राजधानी एकाच गावात, परंतु राजवाडे वेगळे, दरबार वेगळे आणि कारभारही वेगळा. १९४८ साली ही दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत ही व्यवस्था चालू होती. थोरल्या पातीच्या कारकुनाने धाकट्या पातीच्या दप्तरात जाऊन आपल्या हाताने नोंद करावी, असे होऊ शकत नव्हते. दोहोंचा संबंध असलेले काम निघाले म्हणजे एका दरबाराने दुसऱ्यास लिहावयाचे आणि दुसऱ्याने आपल्या दप्तरात आपण नोंद करावयाची, हाच मार्ग होता.

दोन बँकांचा संबंध नेमका असाच असतो. भाच्याची बँक तिच्या खातेवहीची मालक आणि आत्याबाईंची बँक आपल्या खातेवहीची. पहिली बँक दुसरीच्या वहीत पाच हजार रुपये स्वतः लिहू शकत नाही. ती आपल्या वहीत रक्कम वजा करू शकते आणि दुसरीस "आपण आपल्या वहीत ही रक्कम जमा करावी" असा निरोप पाठवू शकते. कोणत्याही दोन संस्थांच्या संगणकांतील व्यवहाराचे मूळ स्वरूप एवढेच आहे. वह्या दोन आणि त्यांच्यामध्ये एक निरोप.

याच देवास शहरात चलनी नोटा छापण्याचे सरकारी मुद्रणालय आहे. नोट हातोहाती दिली की देणे आणि पोचणे या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात. नोट हा पैसाही असतो आणि तीच पोचही असते. निरोपाने पैसे पाठविताना मात्र देणे आणि पोचणे यांच्यामध्ये काळ जातो. सर्व अडचणी या मधल्या काळात उत्पन्न होतात आणि सर्व उपाययोजनाही त्याच काळासाठी करावी लागते.

हुंडीचा धडा

ही अडचण संगणकाने नव्याने आणलेली नाही. मराठ्यांच्या कारभारात महत्त्वाची पत्रे घेऊन जासूद जात, ते बहुधा जोडीने धाडले जात. वाटेत एकास काही झाले तरी दुसरा मुक्कामी पोचावा, हा त्यातील हेतू उघड आहे. व्यापाऱ्यांच्या हुंडीत तर या विषयाचा फार बारीक विचार झालेला होता. हुंडी वाटेत गहाळ झाल्यास तिची दुसरी प्रत देत, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी प्रत, ती परपेठ. या प्रतींवर आधीच्या हुंडीचा उल्लेख असे. त्यामुळे समजा, मूळ हुंडी नंतर सापडली, तरी पैसे दोनदा दिले जात नसत. रक्कम चुकती झालेली हुंडी खोका म्हणून निकालात काढीत. जबाबी हुंडी नावाच्या प्रकारात तर पैसे मिळाल्याचा जबाब, म्हणजे पोच, घेणाऱ्याकडून देणाऱ्याकडे परत येत असे.

गहाळ झाल्यास पुन्हा पाठवावे, पुन्हा पाठविलेले ओळखू यावे, एकदा दिलेले दुसऱ्यांदा देऊ नये आणि शेवटी पोच मागवावी, हे ते चार नियम होत. आजच्या संगणकीय संदेश-यंत्रणाही मुख्यतः याच चार नियमांवर उभ्या आहेत. फरक वेगाचा आणि संख्येचा आहे.

संदेशाची रांग

एका संगणकाने दुसऱ्यास थेट हाक मारावी आणि उत्तर येईपर्यंत ताटकळत उभे राहावे, ही एक रीत होय. तिला टेलिफोनची रीत म्हणता येईल. पलीकडे कोणी नसेल तर सर्वच खोळंबते. पलीकडचा संगणक दुरुस्तीसाठी बंद असेल, वीज गेली असेल किंवा तारेत बिघाड झाला असेल, तर हाक वाया जाते. दुसरी रीत टपालाची. पत्र पेटीत टाकावे आणि आपण आपल्या कामास लागावे. टपालखाते ते सांभाळते आणि योग्य वेळी पोचविते.

व्यापारी संगणकांमध्ये ही दुसरी रीत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पाठविणारा संगणक आपला संदेश मधल्या यंत्रणेकडे सोपवितो. ही यंत्रणा संदेश प्रथम कायम स्मरणात लिहून ठेवते, जेणेकरून वीज गेली तरी तो पुसला जाऊ नये. नंतर तो रांगेत उभा करते. घेणारा संगणक आपल्या सवडीने रांगेतील संदेश एकेक करून उचलतो. सणाच्या आदल्या दिवशी एकदम मोठी गर्दी झाली तर रांग लांबते, कामास थोडा विलंब लागतो, परंतु संदेश हरवत नाही. आपल्या कार्यालयांतील आवक-जावक शाखेचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही व्यवस्था परकी वाटू नये. जावक क्रमांक घालून नोंद केल्याशिवाय पत्र बाहेर जात नाही आणि आवक नोंद झाल्याशिवाय ते टेबलावर येत नाही.

आपल्या देशात बँकांच्या आपसांतील संदेशांसाठी अशी एक यंत्रणा हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेने उभी केली. ती डिसेंबर २००१ मध्ये कार्यान्वित झाली. एनईएफटी या नावाने जो पैसा एका बँकेतून दुसरीत जातो, त्याचे संदेश याच मार्गाने फिरतात. एनईएफटीचे संदेश दर अर्ध्या तासाने एक याप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी निकालात काढले जातात. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा रात्रंदिवस चालू असून दिवसाच्या ४८ तुकड्या होतात. तुकडीचा हिशेब झाल्यापासून दोन तासांच्या आत घेणाऱ्या बँकेने रक्कम जमा करावी किंवा परत पाठवावी, असा दंडक आहे. विलंब झाल्यास बँकेने रेपो दरापेक्षा दोन टक्के अधिक दराने व्याज द्यावयाचे असते.

भाच्याने वापरलेली यूपीआय पद्धत मात्र तुकडीसाठी थांबत नाही. मुंबईच्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू केलेल्या या पद्धतीत महामंडळाचा संगणक मध्ये बसून दोन्ही बँकांशी काही सेकंदांत निरोपांची देवघेव करतो. एकीस म्हणतो, वजा करा. तिची पोच घेतो. दुसरीस म्हणतो, जमा करा. तिची पोच घेतो. मग दोघांना निकाल कळवितो. एका व्यवहारामागे निरोप आणि पोच यांची अशी साखळी असते. तिची एखादी कडी निसटली की आत्याबाईंचा फोन वाजत नाही.

पोच कोणत्या गोष्टीची?

पोच हा शब्द आपण सहज वापरतो. परंतु पोच कोणत्या गोष्टीची, हे विचारणे आवश्यक आहे. ग्रामस्थाने तहसील कार्यालयात अर्ज दिला आणि कारकुनाने शिक्का मारून पोच दिली, तर तिचा अर्थ अर्ज मिळाला एवढाच होतो. अर्ज मंजूर झाला, असा तिचा अर्थ होत नाही.

संगणकांतही पोचेचे असेच निरनिराळे टप्पे असतात. संदेश मधल्या यंत्रणेने स्वीकारला, ही पहिली पोच. तो पलीकडच्या संगणकाने उचलला, ही दुसरी. त्यात सांगितलेले काम पुरे होऊन वहीत नोंद झाली, ही तिसरी. यांपैकी कोणती पोच हाती आली आहे हे न पाहता काम झाले असे समजणे, हे पुष्कळ घोटाळ्यांचे कारण असते. म्हणून चांगल्या यंत्रणेत असा नियम असतो की, घेणाऱ्याने आपले काम पुरे करून नोंद पक्की केल्यावरच पोच द्यावी आणि ती येईपर्यंत मधल्या यंत्रणेने संदेशाची प्रत रांगेतून काढू नये.

स्मरणपत्र आणि दुबार नोंद

ठरलेल्या वेळेत पोच आली नाही, तर यंत्रणा संदेश पुन्हा पाठविते. कार्यालयीन भाषेत हे स्मरणपत्र झाले. येथे एक नाजूक प्रश्न उद्भवतो. पोच आली नाही म्हणजे काय झाले? कदाचित संदेशच पोचला नसेल. कदाचित संदेश पोचून काम झाले असेल आणि परतीची पोच तेवढी वाटेत अडली असेल. पाठविणाऱ्यास दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात. पहिल्या प्रसंगी पुन्हा पाठविणे आवश्यक असते. दुसऱ्या प्रसंगी पुन्हा पाठविल्यास रक्कम दोनदा जमा होण्याचा धोका असतो.

पोचेचीही पोच मागितल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण ती शेवटची पोचही हरवू शकते. हा गुंता सोडविण्याचा व्यवहार्य उपाय पेठ-परपेठेचाच आहे. प्रत्येक व्यवहारास त्याचा स्वतंत्र क्रमांक द्यावयाचा आणि संदेश कितीही वेळा पुन्हा पाठविला तरी तो क्रमांक बदलावयाचा नाही. घेणाऱ्या संगणकाने काम करण्यापूर्वी आपली नोंदवही पाहावयाची. त्या क्रमांकाचे काम आधीच झालेले असेल, तर ते पुन्हा न करता केवळ पोच द्यावयाची. मग संदेश एकदा आला काय किंवा पाच वेळा आला काय, रक्कम एकदाच जमा होते. यूपीआय व्यवहाराबरोबर जो बारा अंकी संदर्भ क्रमांक दिसतो, त्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

भाच्याने घाईने पुन्हा पैसे पाठविण्यात धोका का आहे, हेही आता स्पष्ट होईल. संगणक स्मरणपत्र पाठवितो तेव्हा जुनाच क्रमांक वापरतो. माणूस पुन्हा बटण दाबतो तेव्हा नवा क्रमांक तयार होतो. बँकेच्या दृष्टीने तो वेगळा, स्वतंत्र व्यवहार ठरतो. पहिला संदेश उशिरा का होईना मार्गी लागला, तर आत्याबाईंच्या खात्यात दहा हजार जमा होतील. येथे घेणारी घरचीच व्यक्ती आहे. दुकानदार किंवा अनोळखी इसम असता, तर ते पैसे परत मिळविणे कठीण झाले असते.

काही संदेश असे असतात की, पत्ता चुकल्यामुळे किंवा मजकूर न लागल्यामुळे कितीही वेळा पाठविले तरी पोचत नाहीत. टपालखात्यात अशा पत्रांसाठी पूर्वी मृतपत्र कार्यालय असे. संगणकांच्या जगाने हे नावच उचलले असून न पोचणारे संदेश मृतपत्रांच्या वेगळ्या रांगेत टाकले जातात. ही रांग कोणीतरी जबाबदार माणसाने नित्य तपासली पाहिजे. न तपासलेली मृतपत्रांची रांग ही प्रलंबित प्रकरणांच्या धूळ खात पडलेल्या गठ्ठ्यासारखीच असते.

एक वार्ता, अनेक घरे

आतापर्यंत पाहिली ती पत्राची रीत झाली. एकाने लिहावे आणि एकाने वाचावे. परंतु पुष्कळदा एकच वार्ता अनेकांना हवी असते. तेथे दवंडीची रीत उपयोगी पडते.

धार जिल्ह्यातच पीथमपूर हे मोठे औद्योगिक क्षेत्र आहे. तेथे वाहने आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात. समजा, तेथील एका कारखान्यातून सुट्या भागांची मालमोटार पुण्याजवळ चाकणला निघाली. ही एकच घटना, परंतु गोदामास साठा कमी करावयाचा आहे, हिशेब शाखेस बिल काढावयाचे आहे, वाहतूकदारास गाडीची नोंद ठेवावयाची आहे आणि चाकणच्या खरेदीदारास माल उतरविण्याची तयारी करावयाची आहे. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात नेताना १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते, म्हणून करखात्याच्या यंत्रणेसही कळवावे लागते. कारखान्याच्या संगणकाने या प्रत्येकास निराळे पत्र लिहीत बसण्यापेक्षा "माल निघाला" अशी एक वार्ता मधल्या यंत्रणेत जाहीर करावयाची आणि ज्यांनी त्या विषयाची वार्ता हवी म्हणून आधी नाव नोंदविले आहे, त्या प्रत्येकाच्या रांगेत यंत्रणेने तिची एकेक प्रत टाकावयाची, हे अधिक सोयीचे असते. उद्या विमा कंपनीस ही वार्ता हवी झाली तर तिने नाव नोंदवावे. कारखान्याच्या कामात काही बदल करावा लागत नाही. वर्तमानपत्राची वर्गणी भरणारास घरपोच अंक मिळतो, तसाच हा प्रकार होय.

आपल्या फोनवर येणारी सूचनाही अशाच दवंडीचा एक भाग असते. रक्कम जमा झाली की बँकेच्या अंतर्गत यंत्रणेत ती वार्ता निघते. तिची एक प्रत लघुसंदेश पाठविणाऱ्या शाखेकडे जाते, एक गैरव्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या शाखेकडे जाते. म्हणजे पैसे जमा होणे हे एक काम आणि त्याची सूचना देणे हे त्यामागून होणारे दुसरे काम.

शेवटचा टप्पा : फोनवरील लघुसंदेश

लघुसंदेश म्हणजे एसएमएस. जगातील पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठविण्यात आला. या पद्धतीतही संदेश थेट फोनवर जात नाही. दूरसंचार कंपनीच्या संदेश-केंद्रात तो प्रथम साठविला जातो. फोन बंद असेल किंवा क्षेत्राबाहेर असेल, तर केंद्र थांबून पुन्हा प्रयत्न करते. ठराविक मुदतीत पोचविता आला नाही, तर संदेश सोडून दिला जातो. म्हणून शेतावर, घाटात किंवा वीज नसलेल्या दिवशी सूचना उशिरा येऊ शकते किंवा मुळीच येत नाही. तेवढ्यावरून पैसे आले नाहीत असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही.

मराठी वाचकांच्या दृष्टीने येथे आणखी एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. एका लघुसंदेशात रोमन लिपीतील १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीतील चिन्हे सामान्यतः ७० च मावतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही प्रत्येक स्वतंत्र गणली जातात. 'नमस्कार' हा शब्द लिहिण्यास चार अक्षरांचा, परंतु संदेशाच्या हिशेबाने त्याची सात चिन्हे होतात. त्यामुळे मराठी सूचना बहुधा दोन-तीन तुकड्यांत जाते आणि तिचा खर्च वाढतो. पुष्कळ सूचना इंग्रजीत किंवा रोमन लिपीत येण्याचे हे एक कारण होय. ज्या भाषेत सूचना समजत नाही, त्या भाषेतील सूचना पोचूनही न पोचल्यासारखीच असते. याकरिता आपल्या भाषेत सूचना देण्याची सोय आहे काय, हे खातेदारांनी बँकेत अवश्य विचारावे.

खोटी पोच

पोचेवर सर्व व्यवहार अवलंबून असल्यामुळे चोरांचे लक्षही पोचेकडेच गेले आहे. जगातील बँकांच्या आपसांतील संदेशांसाठी ब्रुसेल्स येथे १९७३ साली स्विफ्ट ही संस्था पंधरा देशांतील २३९ बँकांनी स्थापन केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगला देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत शिरून चोरांनी या मार्गाने न्यूयॉर्कला खोटे संदेश पाठविले आणि सुमारे ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाईन्समध्ये पळविले. आलेले संदेश आपोआप कागदावर छापणारे यंत्र त्यांनी बंद पाडले होते आणि दिवस शुक्रवारचा, म्हणजे तेथील सुटीचा निवडला होता. त्यामुळे न्यूयॉर्कहून विचारणा येऊनही ती वेळेवर कोणाच्या दृष्टीस पडली नाही. चोरीइतकीच ही न वाचलेली सूचनाही महाग पडली.

असाच कटू अनुभव पुण्यास ऑगस्ट २०१८ मध्ये आला. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत चोरांनी शिरकाव केला. एटीएममध्ये कार्ड घातले की पैसे द्यावेत काय, अशी विचारणा बँकेच्या मुख्य खातेवहीपर्यंत जावयास हवी आणि खाते पाहून होकार यावयास हवा. चोरांनी मध्येच आपली बनावट यंत्रणा उभी केली. विचारणा तिच्याकडे वळली आणि तिनेच होकार दिला. मुख्य खातेवहीस कोणी काही विचारलेच नाही. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्ट रोजी स्विफ्टच्या मार्गाने सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळविण्यात आले. एकूण हानी सुमारे ९४ कोटींची होती. खातेदारांच्या खात्यांतून ही रक्कम गेली नाही, ती बँकेची हानी ठरली. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली अकरा जणांना दोषी ठरविले.

या दोन घटनांवरून दोन गोष्टी शिकावयास मिळतात. पोच खऱ्या अधिकाऱ्याची आहे काय, याची खात्री केली पाहिजे. आणि निरोपांच्या नोंदी व मूळ खातेवही यांचा मेळ वारंवार घातला पाहिजे. पूर्वी पेढीवर दिवे लागण्याच्या सुमारास रोजकीर्द मिळविल्याशिवाय मुनीम घरी जात नसत, ती शिस्त संगणकाने अनावश्यक केलेली नाही.

नागरिकांनी काय करावे?

या विवेचनातून सामान्य नागरिकास उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट, सूचना म्हणजे व्यवहार नव्हे. सूचना आली नाही तरी पैसे जमा झालेले असू शकतात आणि सूचना दिसली तरी पैसे आलेले नसू शकतात. दुकानदारास किंवा शेतकऱ्यास "पैसे पाठविले" असा खोटा संदेश दाखवून माल उचलून नेण्याचे प्रकार याच अज्ञानावर चालतात. शेतमाल सोपविण्यापूर्वी खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी. खातेवही हेच प्रमाण.

दुसरी गोष्ट, पाठविणाऱ्याचे नाव पाहावे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२५ सालच्या सुधारणेनुसार संस्थांच्या लघुसंदेशांत पाठविणाऱ्याच्या नावापुढे आडव्या रेघेनंतर एक इंग्रजी अक्षर असते. जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि शासनासाठी जी. साध्या दहा अंकी क्रमांकावरून बँकेच्या नावाने आलेल्या संदेशावर विश्वास ठेवू नये.

तिसरी गोष्ट, पैसे वजा झाले आणि पोचले नाहीत, तर पुन्हा पाठविण्याची घाई करू नये. संदर्भ क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने व्यक्तीस पाठविलेली रक्कम जमा होऊ शकली नाही, तर ती फार तर पुढील दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. दुकानदारास दिलेल्या रकमेसाठी आणि एटीएममधून न निघालेल्या रकमेसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई बँकेने मागणीची वाट न पाहता द्यावयाची आहे.

चौथी गोष्ट, आपण न केलेल्या व्यवहाराची सूचना आली, तर क्षणाचाही विलंब न लावता बँकेस कळवावे आणि फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर नोंदवावी. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवून दिले की, दोष खातेदाराचा वा बँकेचा नसून अन्यत्र असेल आणि सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले असेल, तर खातेदारावर तोशीस पडू नये. आपला मोबाईल क्रमांक बदलल्यावर तो बँकेत नोंदविणे का आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येईल. ज्या क्रमांकावर सूचना जाते तो क्रमांकच जुना असेल, तर सावध होण्याची संधी निघून जाते. बँकेकडून तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

कार्यालयांतील अधिकाऱ्यांनीही एक विचार करावा. लाभार्थींना "अर्ज स्वीकारला" असा संदेश आपोआप पाठविण्याची सोय आज सहज करता येते. परंतु त्या संदेशामागे काम पुढे सरकले नाही, तर तो निव्वळ शिक्का ठरतो. काम झाल्याची किंवा न झाल्याची पोच देणे हे यंत्राचे काम असले, तरी ती खरी ठेवणे हे माणसाचेच काम आहे.

शिक्षकांनी हा विषय वर्गात समजावून देण्यास फारशा साधनांची आवश्यकता नाही. दोन वह्या, काही चिठ्ठ्या आणि चिठ्ठ्या नेणारा एक विद्यार्थी एवढे पुरे. मधूनच एखादी चिठ्ठी किंवा तिची पोच मुद्दाम लपवावी आणि दोन्ही वह्यांचा मेळ बसतो काय, हे मुलांनाच पाहू द्यावे. क्रमांक नसलेली चिठ्ठी किती घोळ घालते, हे त्यांना आपोआप कळेल.

आता राजगढच्या आत्याबाईंकडे वळू. "पुन्हा पाठवतोस का?" या त्यांच्या प्रश्नाला भाच्याचे योग्य उत्तर असे राहील : "आत्या, आज पुन्हा पाठवीत नाही. तुम्ही आधी खात्यातली शिल्लक पाहून घ्या. मी बारा आकडी क्रमांक सांगतो, तो कागदावर उतरून ठेवा. उद्यापर्यंत पैसे तुमच्याकडे आले नाहीत, तर ते माझ्याकडे परत यायला हवेत. तेही झाले नाही, तर हा क्रमांक घेऊन मी बँकेत जातो." आत्याबाईंनी शिल्लक पाहिली आणि पाच हजार रुपये जमा झालेले दिसले, तर त्यांनी एवढेच करावे की भाच्यास उलट फोन करून "मिळाले रे" असे सांगावे. जबाबी हुंडीचा जबाब तो हाच. निरोप पोचल्याचे उलट कळविले म्हणजेच निरोप पुरा होतो.